गोल्फ खेळणाऱ्या पोराच्या डब्यात काय द्यायचं?

उजळाईवाडीकर (१३ एप्रिल, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राहून पोरगं गोल्फ खेळतंय म्हटलं की लोक आधी हसतात. "तालीम सोडून हे काय साहेबी खूळ?" तेव्हा आधी हसून घ्या आणि मग वाचा.

आमचं धाकटं बारा वर्षांचं, वजन ३८ किलो. शेजारी लष्करातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी आपल्या जुन्या क्लबांचे दांडे कापून त्याच्या उंचीचे करून दिले आणि तिथून हे लागलं. आमच्या माळावर जाळी बांधलीय, तिथं रोज सराव. खऱ्या कोर्सवर खेळायला महिन्यातनं एक-दोनदा पुणे.

गेल्या रविवारी पुण्यात ज्युनिअर मुलांची स्पर्धा होती. आदल्या रात्री मेव्हण्याकडं मुक्काम. सकाळी सहाला उठवलं तर "भूक नाही" म्हणाला. अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं, बास. आठ दहाला पहिला शॉट. पहिले नऊ होल ४४ फटक्यांत. गोल्फमध्ये फटके जेवढे कमी तेवढं चांगलं, आणि हे त्याच्या मानानं झकास. मधल्या थांब्यावर बाकीच्या पोरांच्या हातात ते एनर्जीवालं थंड कॅन दिसलं, म्हणून मीही एक घेऊन दिलं. माझीच अक्कल.

चौदावा होल छोटा, पुढं पाणी. मी लांबनं बघत होतो. पालकांना जवळ जाऊ देत नाहीत. पोरानं सातची आयर्न (सात नंबरचा लोखंडी क्लब) काढली, बॅगेत ठेवली, आठची काढली, ती ठेवली, परत सातची काढली. एरवी हा असा घुटमळत नाही. मारला आणि बॉल सरळ पाण्यात. दुसराही पाण्यात. त्या एका होलवर अकरा. मग बॅगेला टेकून खालीच बसला. सोळाव्यावर झाडामागं जाऊन ओकला. दुसरे नऊ होल ६१.

गाडीत बसल्यावर त्याची बाटली उचलली तर जड लागली. लिटरची बाटली. झाकण उघडलं तर पाणी जवळजवळ वरपर्यंत. साडेचार तासांत गड्यानं पावभर पाणी प्यालं असेल नसेल. मी विचारलं तर म्हणतोय, "तहानच नाही लागली."

साताऱ्याच्या पुढं धाब्यावर तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि कोल्हापूर येईपर्यंत झोपला.

तर प्रश्न असा. खेळायच्या आधी काय, मध्ये काय, पाणी किती? कुणी डॉक्टर, खेळाडू, अनुभवी आया असतील तर सांगा.

रंकाळ्याचा_राजू (१३ एप्रिल, रात्री १०:५८)

थर्मास भरून पांढरा रस्सा द्या की राव. अठरा काय, छत्तीस होल खेळंल. नाद खुळा!

तालमीतला_माणूस (१३ एप्रिल, रात्री ११:२०)

राजू, चेष्टा नंतर कर. दादा, पोराच्या अंगात ताकदच नाही हे दिसतंय. चहा-बिस्किटावर पोरं वाढवायला लागलाय व्हय? रात्री दहा बदाम भिजत घालायचे, सकाळी खसखस, बडीशेप, मिरी घालून पाट्यावर वाटायचं, दुधात कालवायचं, वर तुपाची धार. सकाळी पेलाभर थंडाई पाजा. आणि संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या, म्हशीचं धारोष्ण दूध, फेसासकट. महिन्यात फरक दिसला नाही तर मला विचारा.

खडूस_काकू (१४ एप्रिल, सकाळी ७:०५)

बारा वर्षांच्या पोराला सकाळी रिकाम्या पोटी चहा कशाला देता हो? तेवढं आधी बंद करा. बाकी नंतर बोलू.

बालरोगवाली (१४ एप्रिल, दुपारी २:१५)

ओपीडी संपवून लिहितेय, जरा लांबेल.

पाण्यापासून सुरुवात. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी उन्हात खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिली प्यावं, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. खालची बाजू धरली तरी साडेचार तासांचे १३५० मिली झाले. तुमचा मुलगा पावभर प्यायला. हिशेब तुम्हीच करा.

"तहान लागली नाही" हे तो खोटं बोलत नाहीये. खेळात गुंगलेल्या मुलाला तहान उशिरा कळते. आणि गोल्फमध्ये फसगत जास्त होते. फुटबॉलमध्ये पोरगं धापा टाकतं, लाल होतं, आपण ओरडून पाणी पाजतो. इथं ते शांतपणे चालताना दिसतं. शिवाय पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी, घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. त्याची टोपी घरी आल्यावर बघितलीत का? कडेला पांढरी खारट रेघ असेल.

आता ते कॅन. आपल्याकडच्या नियमानं अशा पेयांत लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत. ३८ किलोच्या मुलाला हे पुष्कळ झालं. हात थरथरतो, छातीत धडधडतं, मळमळतं. मुलांसाठी नाही, हे त्या डब्यावर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. त्यात साखर इतकी घट्ट की कोरड्या पडलेल्या पोटात ती लवकर पुढं सरकत नाही. ओकारीचं आश्चर्य नाही.

तालमीतल्या दादांना एक सांगते, रागावू नका. थंडाई पैलवानासाठी आहे. हजार जोर-बैठका मारून तो दुपारी झोपतो. बदाम-तुपातली चरबी पोटात कित्येक तास बसून राहते. ती पिऊन कुणी दोन तासांत खेळायला गेलं तर जड होणारच. सुट्टीच्या दिवशी अवश्य द्या. आणि धारोष्ण दुधाचं म्हणाल तर कट्ट्याची मजा मलाही माहीत आहे, लहानपणी आजोबांबरोबर मीही प्यायलेय. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) होतो, क्षयही होऊ शकतो. उकळून प्या. फेस नसला तरी ताकद तीच.

तालमीतला_माणूस (१४ एप्रिल, दुपारी ४:०२)

डॉक्टरबाई, आमच्या तीन पिढ्या कट्ट्यावर प्याल्या, काय झालं नाही.

बालरोगवाली (१४ एप्रिल, संध्याकाळी ७:३०)

ज्यांना झालं ते सांगायला धाग्यावर येत नाहीत हो दादा. :)

नऊहोल (१४ एप्रिल, रात्री ९:१०)

पुण्यात तीस वर्षं खेळतोय, चार मुलांना शिकवलं. मूळ कसबा बावड्याचा.

धागाकर्त्यानं चौदाव्या होलचं जे वर्णन केलंय ना, सात काढली, आठ काढली, परत सात, तिथंच सगळं उत्तर आहे. २०१२ साली एका छोट्या प्रयोगात चांगल्या गोल्फरांना आधी पाणी कमी देऊन मारायला लावलं होतं. अंगातलं पाणी थोडंसंच कमी, वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. बॉल कमी लांब गेला, जास्त वाकडा गेला, आणि अंतराचा अंदाजही चुकला. हा अंदाज चुकणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या पोराचा स्विंग नंतर बिघडला. आधी डोकं बिघडलं.

लोकांना वाटतं गोल्फ म्हणजे फिरायला जाणं. अठरा होल म्हणजे बॉल शोधत इकडंतिकडं फिरणं धरून आठ-दहा किलोमीटर, चार ते पाच तास, आणि पोरगं बॅग स्वतः ओढत किंवा खांद्यावर टाकून. टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेची गोल्फर लेक्सी थॉम्पसन हिच्या कॅडीला (बॅग उचलणाऱ्या सोबत्याला) पहिल्याच दिवशी उन्हाचा त्रास होऊन मैदान सोडावं लागलं होतं. जाणता, कसलेला माणूस. त्याच स्पर्धेत आपली गोल्फर अदिती अशोक चौथी आली, कॅडी म्हणून तिची आई होती बॅगेला.

मी मुलांना घड्याळ देत नाही. टी देतो, म्हणजे प्रत्येक होलचा पहिला फटका मारायची जागा. प्रत्येक टीवर बॅग टेकवली की आधी बाटली, मग क्लब. चार मोठे घोट. तहान असो नसो. ग्लोव्ह घालण्याआधी बाटली, असं हाताला वळणच पडलं पाहिजे. खाणं पाचव्या, नवव्या आणि तेराव्या टीवर. दोन-तीन घास, पोटभर नाही. नवव्यानंतर थांबा असतो म्हणून मुलं तिथं वडापाव चापतात आणि दहावा-अकरावा होल जांभया देत खेळतात.

आणि केळं बॅगेत मोकळं टाकू नका. पाचव्या होलपर्यंत त्याचं शिकरण होतं. डब्यात द्या.

शूटरची_आई (१५ एप्रिल, सकाळी ११:४५)

माझी मुलगी रायफल शूटिंग करते. गोल्फ नाही, पण हात स्थिर आणि डोकं थंड हा मामला सारखाच, म्हणून लिहितेय.

आमच्या रेंजवर २०२४ नंतर एक नवीन खूळ सुरू झालं. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं, आणि त्या सकाळी काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता, असं तो म्हणाला. झालं! दुसऱ्या दिवसापासून चौदा-चौदा वर्षांची पोरं उपाशी रेंजवर, "काळा चहाच घेतलाय काकू." अरे बाळांनो, तो अठ्ठावीस वर्षांचा, कित्येक वर्षं रोज रायफल धरलेला माणूस. पोटात गोळा आला होता म्हणून खाल्लं नाही. त्यानं तो डाएट प्लॅन म्हणून नाही सांगितला.

धागाकर्त्याच्या मुलाचं "भूक नाही" हेही तेच असणार. स्पर्धेच्या सकाळी पोटात फुलपाखरं नाही, वटवाघळं असतात. आम्ही यावर केलेलं एवढंच. स्पर्धेच्या दिवशी जे खायचं तेच सरावाच्या दिवशीही, त्याच वेळेला, महिनाभर. मग त्या सकाळी पोटाला काही नवीन वाटत नाही. आमच्याकडं मऊ उप्पीट आणि थोडं दही. दोन-अडीच तास आधी. तेही गेलं नाही तर अर्धं खाऊन उरलेलं डब्यात.

रंकाळ्याचा_राजू (१५ एप्रिल, दुपारी १२:०३)

आणि मिसळ? सकाळी मिसळ खाऊन गेलं तर?

नऊहोल (१५ एप्रिल, दुपारी १२:३०)

पट करायला, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलायला, वाकलास की मिसळीचा कट वर येतो. एकदा खाऊन गेलोय, सांगतोय.

दोन_वेण्यांची_आई (१५ एप्रिल, रात्री ८:५०)

एक गोष्ट कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. माझी मुलगी तेरा वर्षांची, दोन वर्षं खेळते. ती मुद्दाम पाणी पीत नाही. का? एका कोर्सवर मुलींसाठी धड टॉयलेट थेट क्लबहाऊसलाच. मध्ये जायचं तर खेळ थांबतो, मागचा ग्रुप डोळे वटारतो, सोबतची मुलं हसतात. मग ती सकाळपासून घोटभरावर राहते आणि दुपारी डोकं धरून येते. तुम्ही "चार घोट, चार घोट" म्हणताय ते मुलांना ठीक.

आम्ही शेवटी आयोजकांना विचारूनच घेतलं की कुठल्या होलजवळ सोय आहे आणि तिथं जायला किती वेळ चालेल. नकाशावर खूण करून तिच्या बॅगेत ठेवला. ते कळल्यापासून ती पितेय. नुसतं पी-पी ओरडून काही झालं नसतं.

बालरोगवाली (१५ एप्रिल, रात्री १०:२०)

दोन वेण्यांची आई, शंभर टक्के. शाळेतही हेच होतं आणि मुली लघवीच्या जंतुसंसर्गानं माझ्याकडं येतात. पाळी सुरू झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिनही एकदा तपासून घ्या. "शेवटच्या चार होलला दम निघतो" याचं कारण कधीकधी डब्यात नसतं, रक्तात असतं.

साधी खूण सांगते. सकाळची लघवी फिकट लिंबू सरबतासारखी असेल तर ठीक. उसाच्या काकवीकडं झुकली तर खेळायच्या आधीच पोरगं उधारीवर आहे.

पेय घरीच करा. लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस. दोन तासांच्या आतल्या सरावाला तेही नको, साधं पाणी पुरे. आणि हे ओआरएस नव्हे, दोन्हींत गल्लत करू नका. ओआरएस जुलाबासाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज आणि मीठ बरंच जास्त. बाजारात मात्र ओआरएस नाव लावून गोड सरबतं विकली जात होती. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं त्याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठं ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, तसं नाव वापरायला मनाई केली.

हॉटेलवाला_शाहूपुरी (१६ एप्रिल, सकाळी ९:१५)

साखर कशाला? गुळाच्या गावात राहून साखर घालता? आपला गूळ घाला, लोह असतं.

बालरोगवाली (१६ एप्रिल, दुपारी १:४०)

घाला की, चवीला छानच लागतो. फक्त लोहासाठी गुळावर विसंबू नका. बाटलीत जातो त्यातलं लोह अगदी नगण्य. त्यासाठी पालेभाजी, कडधान्यं, खात असाल तर मटण, आणि सोबत लिंबू.

प्रोटीनपाटील (१६ एप्रिल, रात्री ९:००)

व्हे प्रोटीनचा एक स्कूप सुरू करा. माझा भाचा जिममध्ये घेतो, बॉडी बघा त्याची. ड्राईव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, वीस यार्ड वाढंल.

नऊहोल (१६ एप्रिल, रात्री ९:२५)

पाटील, पोरगं बारा वर्षांचं आहे. त्याचं ड्राईव्ह दर दिवाळीला आपोआप वाढतंय.

बालरोगवाली (१६ एप्रिल, रात्री १०:१०)

३८ किलोच्या खेळत्या मुलाला दिवसाला ४०-५५ ग्रॅम प्रथिनं पुरेत. दोन पेले दूध, दोन अंडी, दोन्ही वेळची आमटी किंवा उसळ, एक वाटी दही, आणि भाकरीतलं वेगळंच. झालं. डबा विकत घ्यायची गरज नाही.

उजळाईवाडीकर (१७ एप्रिल, रात्री ११:१५)

सगळ्यांचे आभार. टोपी बघितली. डॉक्टरबाई, पांढरी रेघ आहे! बायकोनं मला दाखवली आणि वर "तू काय बघत होतास तिथं?" असं विचारलं. उत्तर नव्हतं.

चहा बंद. पुढची स्पर्धा १० मेला आहे. तोवर माळावर सगळं करून बघतो.

उजळाईवाडीकर (११ मे, रात्री ९:३०)

आलो बघा. जरा सविस्तर सांगतो, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

पहिला आठवडा फसला. बायकोनं शेंगदाणा-गुळाची चिक्की दिली. दुपारच्या उन्हात ती विरघळली, बोटं चिकट, मग ग्रिप चिकट, आणि क्लब हातात फिरायला लागला. पोरगं इतकं चिडलं की डबाच फेकला. भडंग दिलं तर लसूण-तिखटानं जास्त तहान आणि वाऱ्यानं अर्धं भडंग गवतात. मग सासूबाईंनी सुचवलं, दशम्या करा. पूर्वी लोक प्रवासाला न्यायचेच की. हाताला चिकटत नाहीत, चुरा होत नाही, दोन घासात तुकडा संपतो. दशमीचे चौकोनी तुकडे, चार खजूर, आणि डब्यात केळं. एवढ्यावर स्थिरावलो.

वजनाचा प्रयोग मी माझ्या मनानं केला. घरात काटा आहे. सरावाच्या आधी आणि नंतर कोरड्या कपड्यांवर वजन. पहिल्या दिवशी अडीच तासांत ३८.२ चं ३७.५. सातशे ग्रॅम गायब! पोरालाच आकडा बघून मजा वाटली. मग तो स्वतःच "आज किती?" करत काट्यावर उभा राहायला लागला. चार घोटांची सवय माझ्या ओरडण्यानं लागली नसती, ती त्या काट्यानं लावली. आठवड्यानं दोनशे ग्रॅमवर आलं.

स्पर्धेला शूटरची आई म्हणाल्या तसं. सव्वापाचला उठवला, साडेपाचला उप्पीट-दही, निम्मं खाल्लं, निम्मं डब्यात. आठचा टी. दोन बाटल्या, एकीत पाणी, एकीत सरबत. तीही आदल्या रात्री निम्मी भरून फ्रीझरला आडवी ठेवलेली, सकाळी वर पाणी ओतलं. अकरापर्यंत गार राहिली.

४७ आणि ४९. नंबर-बिंबर काही नाही. पण चौदाव्या होलसारखाच, पाण्यावरनं मारायचा एक होल होता तिथं मी श्वास रोखून उभा होतो. बॅग टेकवली, बाटली काढली, चार घोट, झाकण लावलं. मग एकदाच हात बॅगेत, सातची आयर्न. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) नाही गेला, डावीकडं गवतात. पण पाण्याच्या पलीकडं.

फक्त एक तक्रार घेऊन आलाय. स्कोअर लिहिणाऱ्या सोबतच्या पोरानं त्याच्या दशम्या खाल्ल्या, तेराव्याला डबा रिकामा. पुढच्या वेळी जास्त द्या म्हणतोय.

तालमीतला_माणूस (११ मे, रात्री १०:०५)

लय भारी! थंडाई सुट्टीच्या दिवशी द्या, डॉक्टरबाईंनी परवानगी दिलीय.

दोन_वेण्यांची_आई (११ मे, रात्री १०:३०)

अभिनंदन! दशमीचं प्रमाण द्या ना वहिनींना विचारून. आमच्या शनिवारच्या डब्याला.

उजळाईवाडीकर (११ मे, रात्री ११:००)

बायको सांगतेय, मी टाईप करतोय. अर्धी वाटी कोमट दुधात पाव वाटी किसलेला गूळ विरघळवून गाळून घ्या. त्यात बसेल तेवढी कणीक, साधारण दीड वाटी, चिमूट मीठ, एक चमचा तूप. घट्ट मळून अर्धा तास झाका. पोळीपेक्षा जाड लाटायच्या, मंद आचेवर भाजायच्या, गूळ असल्यानं लवकर करपतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, घाम सुटून बुळबुळीत होतात. दूध आहे, त्यामुळं मे महिन्यात सकाळच्या सकाळी करा आणि दुपारपर्यंत संपवा. एवढ्यात पाच होतात. सोबतचं पोरगं धरून आठ करा म्हणतेय.